लेकराची शी कोणाच्या हातात? लंगोट, परसाकडे आणि डायपरची गोष्ट

जेवता जेवता ऐकत असाल तर आजचा भाग थोड्या वेळाने लावा. कारण आज आपण शी आणि शू यांच्यावर बोलणार आहोत, आणि तेही अगदी सविस्तर.

इतिहासाच्या पॉडकास्टवर हा विषय कशाला, असं वाटेल. पण बघा, चालणं, बोलणं आणि वेळेवर शी-शूला जाणं या तीन गोष्टी आपण सगळे शिकलोय. तिसरी कधी शिकलो ते मात्र कोणालाच आठवत नाही. कोणीतरी शिकवली. किती महिन्यांचे असताना शिकवली, कुठे बसवलं, नंतर ते कोणी उचललं, या सगळ्याला इतिहास आहे. आणि त्या इतिहासातला एक मोठा तुकडा आपल्या वर्धा जिल्ह्यात घडलाय.

तर हिंगणी गाव डोळ्यासमोर आणा. सेलू तालुका, बोर धरणाकडे आणि बोरच्या जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवरचं गाव. भोवती कापूस, सोयाबीन, तूर. समजा अशा गावातलं एक घर आहे आणि घरात दोन वर्षांचं लेकरू. आजी म्हणते, "आमच्या वक्ती सालभराचं लेकरू शू सांगे वं बाई. तुमचं दोन सालाचं झालं तरी चड्डीतच!" सून म्हणते, "आई, डॉक्टर म्हणतात घाई करू नका, तयार झाला की आपोआप शिकेल." आणि सुनेच्या मोबाइलवर तिसराच कोणी सांगत असतो, 'तीन दिवसांत पॉटी ट्रेनिंग, शंभर टक्के खात्री!'

आता यात खरं कोण बोलतंय? आधी हा निकाल लावू. मग त्याहून मोठ्या प्रश्नाकडे जाऊ.

आजीची पद्धत

आजीच्या काळात लंगोट विकत आणायची वस्तू नव्हती. जुनं लुगडं, जुनं धोतर, जितकं वापरून मऊ झालेलं तितकं चांगलं. ते फाडायचं, चौकोनी दुपटी करायची, तिकोनी लंगोट करायचे. लेकरू ओलं झालं की बदलायचं. दिवसाला पंधरा-वीस तरी लंगोट. ते धुवायचे, उन्हात वाळवायचे. पावसाळ्यात ऊन नसलं की शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर वाळवायचे, ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची.

ही धुरी किती जुनी? चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, बाळाच्या अंथरूण-पांघरुणाबद्दल सूचना आहेत. कपडे मऊ, हलके, स्वच्छ असावेत. मलमूत्राने खराब झालेले वापरू नयेत. पण दुसरे मिळणं शक्य नसेल, तर तेच नीट धुऊन, धुरी देऊन, कोरडे करून वापरावेत. म्हणजे दुसरा कपडा नसलेल्या घराचा विचार त्या ग्रंथातही आहे.

आता प्रत्यक्ष शिकवणं. आजी पाटावर बसायची, पाय पुढे करायची, दोन्ही पावलं जरा अंतर ठेवून जमिनीवर टेकवायची आणि लेकराला त्या पावलांवर उकिडवं बसवायची. लेकराची पाठ आजीच्या नडग्यांना टेकलेली. आणि तोंडाने आवाज, "शूऽऽऽ". लेकरू उठल्या उठल्या एकदा, दूध पिऊन झालं की एकदा, झोपायच्या आधी एकदा. काही आठवड्यांत लेकराच्या अंगात ते बसायचं. ही बैठक, हा आवाज, म्हणजे आता सोडायचं. मराठीत लघवीला लहान मुलांचा शब्द 'शू' आहे, तो त्या आवाजाच्या किती जवळचा आहे बघा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. १९७७ साली डेव्हरीज दांपत्याने 'पीडियाट्रिक्स' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. केनियाच्या किनारपट्टीवरच्या दिगो समाजाबद्दल. तिथली आई जमिनीवर पाय पसरून बसते, दोन-तीन आठवड्यांच्या बाळाला पायांमध्ये धरते आणि तोंडाने "शू" सारखाच आवाज काढते. पाच-सहा महिन्यांत बाळ दिवसा आणि रात्रीही कोरडं राहील, अशी त्या समाजात अपेक्षा असते. ना आजीने केनिया पाहिलं, ना दिगो बायांनी वर्धा. पद्धत मात्र जवळपास एकच.

डॉक्टर काय म्हणाले

आता सुनेच्या डॉक्टरांकडे येऊ. 'घाई करू नका' हा सल्ला कुठून आला?

गंमत अशी की, अमेरिकेतही आधी उलटाच सल्ला होता. तिथल्या सरकारचं चिल्ड्रन्स ब्युरो १९१४ पासून 'इन्फंट केअर' नावाची पुस्तिका काढत असे. १९३०च्या आसपासच्या आवृत्त्यांमध्ये आयांना सांगितलं जायचं की पहिल्या काही महिन्यांतच सुरुवात करा, घड्याळ लावून रोज त्याच वेळेला बाळाला बसवा, आणि वर्षाच्या आत शीची सवय पूर्ण करा. फार कडक शिस्त. आजीकडे घड्याळ नव्हतं, ती लेकराच्या तोंडाकडे बघायची. इथे बाळाने घड्याळाकडे बघायचं!

या कडकपणावर प्रतिक्रिया आली. १९४६ मध्ये डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक आलं. त्याचा सूर होता की मुलावर दडपण आणू नका. मग १९६२ मध्ये डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी आपल्या दवाखान्यातल्या १,१७० मुलांच्या दहा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांचं म्हणणं, मूल शरीराने आणि मनाने तयार झालं की शिकवा. ते चालायला लागलेलं असावं, स्वतः बसता-उठता यावं, सांगितलेलं समजावं, आणि त्याला स्वतःला करून बघावंसं वाटावं. त्यांच्याकडची मुलं दिवसा कोरडी राहायला लागली ती सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची झाल्यावर. आज आपले बालरोगतज्ज्ञ जे सांगतात त्याची मुळं इथे आहेत.

त्याच काळात दुसरीकडे एक वस्तू तयार होत होती. मॅरियन डोनोव्हन नावाच्या अमेरिकन बाईंनी आंघोळीच्या पडद्याच्या कापडातून लंगोटावर घालायचं न गळणारं आवरण बनवलं. १९५१ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. १९६१ मध्ये पॅम्पर्स बाजारात आलं, वापरा आणि फेका. पुढे १९८०च्या दशकात त्यात पाणी शोषणारी पावडर आली. ती ओली झाली की तिचं जेल होतं आणि लेकराचं अंग कोरडं राहतं. आईची धुणी संपली. पण लेकराला आता ओलं लागेनाच, मग ते सांगणार काय? अमेरिकेत मुलं डायपरमधून सुटायचं वय पुढे सरकत तीन वर्षांच्या आसपास गेलं. डायपरही मोठे होत गेले. १९९८ मध्ये पॅम्पर्सने आणखी मोठ्या मापाचा डायपर काढला आणि त्याच्या जाहिरातीत स्वतः डॉ. ब्रेझल्टन दिसले. त्यावर तिथे बरीच टीका झाली. हेही सांगायला हवं की त्यांचं मूळ संशोधन त्या जाहिरातीच्या ३६ वर्षं आधीचं होतं.

मग खरं कोण?

दोघीही. फक्त त्या दोन वेगळ्या गोष्टी मोजताहेत.

आजीच्या हिशेबात लेकरू 'शिकलं' म्हणजे घरात घाण होत नाही. कारण आजी वेळेवर त्याला उचलते. लेकराचं तोंड लाल झालं, खेळता खेळता गप्प झालं, अंग ताठ केलं की आजीला कळतं. लेकराला सवय लागली हे खरं, पण जास्त शिकलेली असते ती आजी. डॉक्टरांच्या हिशेबात 'शिकलं' म्हणजे मूल स्वतः ओळखतं, सांगतं, थोडं धरून ठेवतं, चड्डी काढतं आणि जाऊन बसतं. ते दीड-दोन वर्षांच्या आधी सहसा होत नाही, आणि काहींना तीन वर्षं लागतात. त्यात मूल ढ नसतं, आई आळशी नसते.

आजीच्या पद्धतीला एक किंमत होती, ती मात्र आजी सांगत नाही. दिवसभर कोणाचे तरी डोळे आणि हात लेकरावर हवेत. एकत्र घरात ते असायचे. पण वर्ध्याकडचा कापूस बायांच्या हातानेच वेचला जातो. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की आई शेतात, धडधाकट असली तर आजीही शेतात. मग घरी लेकराला कोण बसवणार? बऱ्याच घरांत आठ-दहा वर्षांची मोठी बहीण. कडेवर भाऊ, हातात टमरेल, आणि शाळेचा खाडा. ही पद्धत फुकट होती असं आपल्याला वाटतं, कारण त्या पोरीचे दिवस कोणी मोजलेच नाहीत.

म्हणून सुनेला डायपर हवंसं वाटतं, त्यात तिची चूक काय? तिच्याकडे तेवढे हात नाहीत. घरात दुसरं माणूस असेल तर दिवसा लंगोट आणि पायावर बसवणं, प्रवासात आणि रात्री डायपर, असं मधलं कित्येक घरं करतात. मारायचं नाही, लाजवायचं नाही, एवढं मात्र पाळायला हवं. रागावलं की लेकरू शी दाबून ठेवतं, मग ती कडक होते, मग बसायची भीती वाटते, आणि सगळं आणखी लांबतं.

'परसाकडे' शिकलेलं मूल

इथपर्यंत 'कधी' झालं. आता 'कुठे'.

मराठीत शौचाला जाण्यासाठी सभ्य शब्द आहे 'परसाकडे जाणे'. परस म्हणजे घराची मागची बाजू. दुसरा शब्द 'बाहेर जाणे'. आणि आपल्या विदर्भात गावाबाहेरच्या त्या जागेला 'गोदरी' म्हणतात, इतर महाराष्ट्रात 'हागणदारी'. या सगळ्या शब्दांत दिशा एकच, घरातून लांब.

म्हणजे आजीने लेकराला शिकवलं ते 'घरात नाही'. पायावरून उतरलेलं लेकरू आधी अंगणाच्या कडेला, मग नालीवर, मग मोठ्या भावंडांच्या मागे गोदरीवर. तिथे त्याचं शिक्षण संपलं. तान्ह्याची शी आई राख टाकून उचलायची आणि उकिरड्यावर टाकायची. रांगत्या-चालत्या लेकराची कितीदा तशीच राहायची. 'लेकराची शी, तिची कसली घाण' हे वाक्य तर घरोघरी ऐकायला मिळतं.

हे वाक्य मायेचं असलं तरी चुकीचं आहे. लहान मुलांच्या शीत जंत, जुलाबाचे जंतू भरपूर असतात, कारण हे आजार त्यांनाच जास्त होतात. पोलिओचंच घ्या. तो विषाणू मुख्यतः लहान मुलांच्या शीतून बाहेर पडतो आणि घाण हात, पाणी यांतून दुसऱ्या मुलांच्या तोंडात जातो. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला. त्याआधी कितीतरी मुलांचे पाय गेले.

सिंदी आणि सुरगाव

आणि इथे वर्धा येतं. ज्या सवयी लेकराला तिसऱ्या वर्षी लागायला हव्यात, त्या मोठ्यांना तिशीत लावता येतात का, याचा प्रयोग १९३०च्या दशकात वर्ध्याच्या आसपास झाला.

१९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. शेजारीच सिंदी गाव. सिंदी रेल्वे नव्हे बरं का, वर्ध्याला खेटून असलेली सिंदी. तिथे वाटांवरच लोक बसत. मगनवाडीतली मंडळी, त्यात महादेवभाई देसाई आणि मीराबेन, सकाळी बादल्या आणि झाडू घेऊन जायची आणि ती घाण उचलायची. कल्पना अशी की हे पाहून लोकांना वाटेल, आपणच करावं. झालं काय? लोक बघत राहिले. काहींना बरंच वाटलं असेल, फुकटात साफसफाई! गांधीजींनी स्वतः 'हरिजन' साप्ताहिकात या कामाबद्दल लिहिलं आणि लोक किती सावकाश हलतात हे लपवलं नाही.

मग विनोबा. तुरुंगातून १९४५ मध्ये सुटल्यावर त्यांनी पवनारजवळचं सुरगाव धरलं. खांद्यावर फावडं, रोज सकाळी पवनारहून पायी सुरगाव, वाटेवरचा मैला उचलायचा, मातीआड करायचा आणि परत यायचं. एकदा पावसाने नदीला पूर आला. विनोबा काठावर उभे राहिले आणि पलीकडच्या माणसाला ओरडून सांगितलं की देवळात जाऊन देवाला सांग, गावाचा सफाईवाला आला होता, पुरामुळे पलीकडे येता आलं नाही. निरोप दिला आणि परत फिरले. हे किती दिवस करणार, असं कोणी विचारलं तर ते वीस वर्षं म्हणायचे. वीस वर्षं म्हणजे एक पिढी. आज जे लेकरू आईच्या पायावर बसतंय ते मोठं होऊन आपल्या लेकराला बसवेपर्यंतचा काळ. सवय अशीच बदलते, हे त्यांना कळलेलं होतं. पण जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली, विनोबांना दुसरी कामं आली, आणि ती वीस वर्षं काही पूर्ण झाली नाहीत.

आईची उपमा आणि आंबेडकरांचा सवाल

आता ज्या मोठ्या प्रश्नाबद्दल सुरुवातीला म्हटलं, तो हा.

२८ नोव्हेंबर १९३६ च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी सफाई करणाऱ्यांवर एक लेख लिहिला. तोवर ते वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले होते. त्याच सेगावचं पुढे सेवाग्राम झालं. लेखात त्यांनी एक तुलना केली. आई बाळाची शी-शू काढते म्हणून बाळ निरोगी राहतं. सफाई करणारा माणूस सगळ्या समाजासाठी तेच करतो. मग आईला आपण मान देतो, तर त्याला का नाही? वाचायला सुंदर वाटतं. आणि हेतूही चांगला होता.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केलं, या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी सफाईच्या कामाच्या अशा गौरवावर टीका केली. त्यांचा मुद्दा थोडक्यात सांगतो. हे काम त्या माणसाने निवडलेलं नाही, जन्माने त्याच्या गळ्यात पडलंय. ब्राह्मणाने मैला उचलला तरी तो ब्राह्मणच राहतो. आणि सफाई कामगाराच्या जातीत जन्मलेल्याने कधी झाडू हातात धरला नाही तरी लोक त्याला सफाईवालाच म्हणतात. मग त्या माणसाला तुझं काम थोर आहे, त्यात धन्यता मान, असं सांगणं म्हणजे त्याला तिथेच बसवून ठेवणं.

आपल्या विषयाच्या बाजूने बघा. आई लेकराची शी काढते कारण ते तिचं लेकरू आहे, आणि दोन-तीन वर्षांत ते स्वतः शिकतं. आईचं काम संपतं. समाजाचं लेकरू मात्र कधी मोठंच होत नाही! त्याची घाण पिढ्यानपिढ्या त्याच घरांतली माणसं उचलतात. गांधीजींच्या उपमेत हीच बाजू राहून गेली होती. डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर बंदी घालणारा कायदा भारतात १९९३ मध्ये झाला. तो पुरा पडला नाही म्हणून २०१३ मध्ये आणखी कडक कायदा करावा लागला.

शाळेआधीची शाळा

वर्ध्यातून आणखी एक धागा निघतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि तिच्यातून नई तालीम आली. पहिला आराखडा सात ते चौदा वर्षांच्या मुलांचा होता. म्हणजे सगळ्या सवयी लागून गेल्यानंतरचा. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला पुन्हा परिषद झाली, तेव्हा गांधीजींनी सांगितलं की शिक्षण आईच्या पोटापासून सुरू होतं. मग सात वर्षांच्या आतल्या मुलांसाठी 'पूर्व-बुनियादी' वर्ग आले. सेवाग्राममध्ये ते काम शांताबाई नारुळकरांनी उभं केलं. त्यात अक्षरांपेक्षा आधी होतं ते शरीर. आरोग्य, अंघोळ, स्वच्छता, स्वतःचं काम स्वतः करणं. आणि मुलासोबत आईबापांनाही शिकवणं.

त्याच वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ आल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, यातून 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती कल्पना रुजली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आज गावोगावी जी अंगणवाडी दिसते ती या योजनेची.

अंगणवाडीत मूल साधारण तीन वर्षांचं झालं की बसायला लागतं. म्हणजे आजीचं शिक्षण संपतं आणि सार्वजनिक शिक्षण सुरू होतं, ते बरोबर याच वयात.

संडास आला, पण कोणाच्या मापाचा?

२०००-०१ मध्ये महाराष्ट्र सरकारने संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं. ज्यांचं नाव दिलं ते गाडगेबाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. हातात खराटा घेऊन गावात शिरायचे, आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनात लोकांच्या डोक्यातला कचरा काढायचे. अभियानात गावागावांत स्पर्धा लागली. पुढे 'गुड मॉर्निंग पथकं' आली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला वाटेत गाठायचं आणि गुलाबाचं फूल द्यायचं, कधी दंडही करायचा. तरी २०११ च्या जनगणनेत ग्रामीण महाराष्ट्रात घरात संडास असलेली कुटुंबं ३८ टक्केच होती. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं आणि एप्रिल २०१८ मध्ये सरकारने ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

संडास बांधले गेले, हा फार मोठा बदल. पहाट व्हायच्या आत किंवा अंधार पडल्यावरच जायचं, ही बायांची शिक्षा किती घरांत संपली! आणि जंगलाकडेच्या गावांत तर अंधारात बाहेर जाणं म्हणजे जिवाची भीती.

पण त्या संडासात दोन वर्षांच्या लेकराला उभं करून बघा. चार बाय चारची अंधारी खोली, दार लावलं की काळोख, खाली मोठं भांडं, दोन पायऱ्यांमधलं अंतर मोठ्यांच्या पायांचं. लेकराला वाटतं, आपण आत पडणार. ते रडतं. आई म्हणते, बस बाबा अंगणातच. आणि गावाच्या पाटीवर हागणदारीमुक्त लिहिलेलं असताना सर्वांत लहान माणूस नालीवरच बसतो.

हे सरकारच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. १९९९ च्या संपूर्ण स्वच्छता अभियानातच अंगणवाड्यांसाठी लहान मुलांच्या मापाचे संडास बांधायची तरतूद होती. छोटं भांडं, पायऱ्या जवळ. असा संडास, त्यात पाणी, आणि हात धुवायला मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीचा नळ असेल, तर अंगणवाडीतली पोरं एकमेकांचं बघून आठवड्यात शिकतात. पाणी नसलं की तिथे झाडू आणि तुटक्या खुर्च्या ठेवतात. म्हणून तुमच्या गावात पुढची ग्रामसभा असेल तेव्हा अंगणवाडीच्या संडासात पाणी येतं का, एवढा एक प्रश्न विचारून बघा.

डायपर कुठे जातं?

आता शेवटचं. लंगोटाची शी आईच्या हातून उकिरड्यावर जायची, शेणासोबत कुजायची, आणि लंगोट धुऊन परत पाळण्यात यायचा. डायपर तसं नाही. आज किराणा दुकानात डायपरचं सुटं पाकीटही मिळतं. पण त्यात प्लास्टिक आहे, ते कुजत नाही. खेड्यात घंटागाडी रोज येतेच असं नाही. मग डायपर जातं कुठे? कोणी जाळतं, कोणी नाल्यात टाकतं, कोणी गावाबाहेरच्या खड्ड्यात. म्हणजे जुन्याच गोदरीवर, फक्त प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

आणि शहरात? तिथे ते कचरा गोळा करणाऱ्या माणसाच्या हातात जातं. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की डायपर आणि सॅनिटरी पॅड वेगळे गुंडाळून द्यायचे, कंपन्यांनी त्यासाठी पिशव्या द्यायच्या. नियम केला, पण कितीजण पाळतात ते आपल्या घरच्या कचऱ्याच्या डब्यात बघा. ओल्या कचऱ्यात उघडं टाकलेलं डायपर कोणीतरी हाताने वेगळं काढतं, आणि तो हात अजूनही बहुतेक वेळा त्याच समाजांतल्या माणसाचा असतो ज्यांच्याबद्दल बाबासाहेब १९४५ मध्ये लिहीत होते. आपल्या लेकराची शी आपण हातात घ्यायची थांबलो, तेव्हा ती दुसऱ्याच्या हातात दिली.

यावर डायपर टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. ते म्हणणं सोपं आहे, धुणी धुणाऱ्याला विचारा. पण करता येण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. एक, डायपरमधली शी आधी संडासात टाका, मग डायपर कागदात गुंडाळा, वर खूण करा आणि वेगळं द्या. दोन, लंगोट असो की अंगणातली शी, लेकराचीसुद्धा संडासातच टाका आणि साबणाने हात धुवा. तीन, घरातल्या पुरुषांनो, पायावर बसवायला पाय तुम्हालाही आहेत! "शूऽऽऽ" म्हणायला कोणतीही डिग्री लागत नाही.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरी लेकराला शिकवण्यासाठी कोणते शब्द, कोणत्या युक्त्या वापरतात ते आजीला विचारा आणि तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. हे ज्ञान कोणी पुस्तकात लिहिलेलं नाही. ती गेली की तेही जाईल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, हात धुवा!